सोनामुखीचा काढा

१७ नोव्हेंबर १९६३

आज पुन्हा तशीच परत आले.

पहाटे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठवायला येतात. हातात लोटा देतात आणि आम्ही गावातल्या बायकांसोबत बोडीच्या पाळीमागे जातो. बोडी म्हणजे इथला लहान तलाव. बायका जवळजवळ बसतात आणि बसल्या बसल्या बोलतात. काल कोणी काय रांधलं, कोणाची म्हैस आटली. मी डोळे मिटून बसते आणि माझं पोट दगड होतं. त्या उठल्या की मीही उठते, आणि कोणाला कळू नये म्हणून लोट्यातलं पाणी सांडून टाकते.

बालाघाटला बाबांच्या रेल्वे क्वार्टरमागे संडास होता. दाराला आतून कडी. ती कडी म्हणजे काही मोठी चीज आहे, असं तेव्हा कधी वाटलं नव्हतं. मे महिन्यात लग्न होऊन किरनापूरच्या आत या गावी आले. पावसाळ्यात झुडपं तरी दाट होती. आता धान कापलं जातंय आणि बांधावर उभं राहिलं की पार पलीकडच्या टोल्यातली घरं दिसतात.

मॅट्रिक हिंदीतून केली, पण लहानपणी मराठी शाळेत होते, आणि असलं काही लिहायचं तर मराठीतच लिहिता येतं. तेही लिहिताना लाज वाटते. पण सांगू कोणाला?

२४ नोव्हेंबर

चार-पाच दिवस पोट साफ झालं नाही. जेवण समोर आलं की मळमळतं. यांना (हे किरनापूरच्या शाळेत मास्तर आहेत) सांगितलं की डोकं दुखतं. हे म्हणाले, “उन्हात जाऊ नको.” डोक्याचं सांगता येतं. बाकीचं कसं सांगणार?

आईने लग्नात पेटीत सोनामुखीची पुडी घालून दिली होती. लहानपणी महिन्यातून एकदा ती आम्हा भावंडांना पोट साफ व्हायला काढा पाजायची, तीच पानं. आज डोकेदुखीचा काढा म्हणून चुलीवर उकळून घेतला.

२५ नोव्हेंबर

पहाटे, आत्याबाई उठायच्या आधीच, पोटात पीळ पडला. एकटीच धावले. अंधार होता, कोणी नव्हतं. परत येताना इतकं हलकं वाटलं की रडू आलं. आत्याबाई अंगणात उभ्या होत्या. म्हणाल्या, “एकटी काहून गेलती? साप-विंचू रायते.”

१२ डिसेंबर

आता रोज रात्री काढा घेते. तो घेतला की पहाटे सगळ्यांच्या आधी उठता येतं. आधी चिमूटभर पानं पुरायची, आता मूठ लागते. नाही घेतला तर पोट मेल्यासारखं पडून राहतं.

कमी खाल्लं तर कमी जावं लागेल, म्हणून एक वेळ जेवत नाही. आत्याबाई म्हणाल्या, “चिमनीएवढं खाते ही पोरगी.” त्या स्वतः तरी कुठे खातात. दिवसातून एकदाच जेवतात, आणि दुपार कलली की पाण्याचा थेंब घेत नाहीत. कसलं तरी व्रत असेल. मला त्यांचा धाक वाटतो. एवढी देवभोळी बाई, तिला माझ्या पोटाचं काय सांगायचं?

३० डिसेंबर

पुडी संपली. पोट ढोलासारखं फुगलं आहे, लुगड्यावरूनही दिसतं.

गावात मैनाबाई आहे. बाळंतिणींना अंग रगडून देते, जंगलातून मुळ्या-पाला आणते. ती ताक न्यायला आली तेव्हा तिला हळूच म्हटलं, “मले सोनामुखी आनून देसान का? घरात सांगू नका.” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. म्हणाली, “देईन नं.” आणखी काही विचारलं नाही. भली बाई आहे.

१५ जानेवारी १९६४

मोठीच पंचाईत झाली आहे.

दोन महिने मी बाहेर बसले नाही. अंगात काही उरलेलंच नाही, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण काल संक्रांतीला आत्याबाईंनी आतल्या खोलीत नेऊन विचारलं, “न्हाणं कधी झालतं तुह्यं?” मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला आणि तिळाचा लाडू माझ्या तोंडात घातला. त्यांचे डोळे भरले होते. खेमराज, म्हणजे हे, त्यांचा एकुलता एक मुलगा.

तेव्हाच बोलायला हवं होतं. लाडू तोंडात होता. गिळेपर्यंत त्या बाहेर जाऊन मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, सांगून आल्या.

मला माहीत आहे की तसं काही नाही. काढ्याने पोट साफ झालं की हे फुगलेलं पोट खाली बसतं, मग पुन्हा वर येतं. बाळ असं वर-खाली करत नाही.

२० जानेवारी

हे किरनापूरहून संत्री घेऊन आले. शाळेतल्या मास्तरांनाही सांगून बसलेत. मला म्हणाले, “तू काही जड उचलू नको.” एवढं बोलून कान लाल झाले त्यांचे. मी संत्रं सोलत बसले. सोललं, सगळ्या फोडी सुट्या केल्या, खाल्ली एकही नाही.

बोडीवर आता बायका मला बसायला चांगली जागा देतात. “पोटुशी हाय, तिले सपाटीवर बसू द्या.” सगळ्या माझ्याकडे बघतात. आधी निदान कोणी बघत नव्हतं.

२ फेब्रुवारी

सोनामुखीने आता काही होत नाही. नुसता पीळ पडतो, घाम फुटतो आणि पोट जागचं हलत नाही. आज मैनाबाईला गोठ्यामागे गाठून सांगितलं की त्या पानांनी भागत नाही.

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाई, उशीर केलात. आंधीच बोलाले पाह्यजे होतं.”

“लाज वाटत होती.”

“लाज तं वाटनच. मास्तरले मालूम हाय?”

“नाही. कोनालेच नाही.”

“कोनाले कळनार बी नाई. लय जनींचं मोकळं केलं म्या. तरास होईन, रगत बी जाईन, घाबराचं नाई. मंग सुटल्या तुमी.”

तिने जमालगोट्याच्या बिया दिल्या, शुद्ध केलेल्या आहेत म्हणाली. एरंडासारख्याच दिसतात. किती घ्यायच्या ते समजावलं, आणि जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे पुसत होती. इतकी साधी गोष्ट ती इतकी मनावर का घेते, समजलं नाही. माझी दया आली असेल.

६ फेब्रुवारी

उद्या चोरचोळी. तिसऱ्या महिन्यात घरच्या घरी हिरवी चोळी देतात, बाहेर फार बोभाटा करत नाहीत. आत्याबाईंनी कापड आणून स्वतः शिवली आहे. बटणं नीट बसली नाहीत म्हणून दोनदा उसवली. त्यांचे डोळे अधू झालेत.

ती चोळी मी कशी घालू? उद्याच्या आधी पोट तरी खाली बसू दे. मग सांगून टाकीन की काही नव्हतं, चुकलं होतं. आज त्या बिया घेते.

१५ फेब्रुवारी. बालाघाट, सरकारी दवाखाना

पडल्या पडल्या लिहिते आहे. हे डोक्यातून बाहेर काढलं नाही तर झोप येणार नाही.

बिया घेतल्या त्या रात्री काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, कमी पडल्या, म्हणून उरलेल्याही घेतल्या. दुपारी बायका जमल्या. मला पाटावर बसवलं. आत्याबाई चोळीची घडी उलगडत होत्या आणि पोटात कोणीतरी विळा फिरवला. मी उठले. अंगणापर्यंतही पोचले नाही.

ओटीवर मामाजी आणि गावचे दोघे जण बसले होते. भर दुपारी, सगळ्यांसमोर. जे लपवण्यासाठी एवढं केलं तेच सगळ्यांसमोर, आणि त्यात रक्त. मामाजी तोंड फिरवून रस्त्यावर निघून गेले. बायकांमधून कोणीतरी म्हणालं, “गेलं वाटते.” मग डोळ्यांपुढे अंधार आला.

पुढचं तुटक आठवतं. बैलगाडी. किरनापूरहून बस. कंडक्टर म्हणत होता, “माताजी, इनको पीछे बिठाओ.” आत्याबाईंनी स्वतःच्या अंगावरचं नऊवारी अर्धं सोडून मला त्यात गुंडाळलं होतं. बसमधल्या लोकांनी नाकाला पदर-रुमाल लावले. आत्याबाईंनी लावला नाही. हे पुढे उभे होते, पाठ करून.

१६ फेब्रुवारी

अक्षर दिसत नाही. पोटातली ओढ थांबायला औषध दिलंय, त्याने तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते. नर्स म्हणाली, हेही एका झाडाचंच, बेलाडोना. एका झाडाने आतडं पळवलं, दुसऱ्याने थांबवलं. पुरे.

१९ फेब्रुवारी

आता बरं दिसतं.

आत्याबाई इथेच आहेत, माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपतात. माझे कपडे त्याच धुतात, नळाखाली, आपल्या हातांनी. पण माझ्याशी बोलत नाहीत. “पानी पे” म्हणतात, तेही भिंतीकडे बघून. आई-बाबा येऊन गेले, तर त्या उठून व्हरांड्यात जाऊन बसल्या. किळस येत असेल. कोणाला येणार नाही? हे शनिवारी आले, पायाशी थोडा वेळ उभे राहिले आणि विचारलं, “मला एकदा सांगितलं असतं तर?” मी तोंड फिरवलं. यांना कोणी सांगितलं असेल माझ्या पोटाचं?

डॉक्टरीणबाई जबलपूरकडच्या आहेत, हिंदी बोलतात. आज आत्याबाई नळावर गेल्या होत्या तेव्हा त्यांनी पडदा ओढून विचारलं, “सच बताओ बेटी, क्या खाया और क्यों खाया?” पडदा होता म्हणून असेल, मी सांगितलं. बोडी, बायका, काढा, मूठभर पानं, सगळं. मला वाटलं त्या हसतील. त्या खाटेवर बसल्या.

त्या म्हणाल्या, आतडं आपलं आपण चालत असतं, लाटेसारखं, झोपेतसुद्धा. सोनामुखी त्याला हाकते. कधीमधी हाकलं तर ठीक, पण रोज हाकलेला बैल पुढे हाकल्याशिवाय पाय उचलत नाही, तसं तुझं आतडं झालं आहे. आणि जमालगोटा म्हणजे हाकणं नव्हे, ते डाग देणंच झालं. थोडं आणखी पोटात गेलं असतं तर वाचली नसतीस. मी विचारलं, आता आपणहून चालेल का? म्हणाल्या, “चलेगी. महीनों लगेंगे. पत्ती को हाथ मत लगाना.”

मग म्हणाल्या, “बच्चा नहीं था. मैंने देख लिया है.” मी म्हटलं, मला माहीत होतं. त्यांनी पडद्याबाहेर बोट दाखवलं. “तो बाहर तुम्हारी सास क्यों रोती है? तुमने उसे बताया नहीं?”

तेव्हा समजलं. मैनाबाईचे डोळे, बायकांचं “गेलं वाटते”, यांचं बोलणं, आत्याबाईंचं गप्प राहणं. सगळ्यांना वाटतंय मी मूल पाडलं.

२० फेब्रुवारी

दिवसभर तोंड उघडलं नाही. हे लिहायला नको, पण लिहिते. एक क्षण असं वाटलं की त्यांना तसंच वाटू द्यावं. बोडीवर बसता येत नव्हतं हे सांगण्यापेक्षा ते बरं. असं माझ्या मनात आलं. मी कसली बाई आहे?

२१ फेब्रुवारी

दुपारी वॉर्डात शांतता होती. आत्याबाई माझे केस विंचरत होत्या. मागून म्हणाल्या, “एक सांग. माह्या खेमराजनं तुले मारलं का कधी?”

“नाही.”

“मी काही घालून-पाडून बोलली?”

“नाही आत्याबाई.”

“मंग काहून केलं व? त्या दिसी गाडीपाशी मैनीनं रडत रडत सारं सांगतलं मले. तुले नाई पाह्यजे होतं तं माह्याजवळ देतीस. मी पोसतो म्हनलं असतं.”

त्यांचा हात केसांतच थांबला होता. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं. म्हटलं, “मूल नव्हतंच. डॉक्टरीणबाईले विचारा. मले... मले बोडीवर बसता येत नाही. सगळ्या असतात. पोट बंद होऊन जाते. म्हणून सोनामुखी घेत होती, रोज. मैनाबाईले वाटलं वेगळंच. मले वाटलं तिले समजलं.”

त्यांनी फणी केसांतून काढून घेतली. मला वाटलं उठून जातील. मग हसल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं तर त्या रडत होत्या, तोंडात पदर कोंबून.

म्हणाल्या, “मी लगन होऊन आली तवा बारा वर्साची होती. दुपारपासून पानी नाई पेत मी. राती उठा लागते म्हनून. सांजेले जेवत नाई. लोकं म्हनते, जिजाबाई लय सोवळी हाय.” मग म्हणाल्या, “खेमराजच्या येळेस, भरल्या दिवसाची, बोडीच्या चिखलात पडलती. कोनाले सांगतलं नाई. काय सांगू?”

मी त्यांना व्रत करणारी समजत होते. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, दोघी आपापलं पोट धरून बसलो होतो. मी शिकलेली, पेपर वाचणारी, मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

४ मार्च. घरी

आत्याबाईंनीच यांना सांगितलं, माझ्यासमोर, आडपडदा न ठेवता. मी जमिनीकडे बघत होते. हे ऐकून उठून गेले. रागावले असं वाटलं. परत आले ते कुदळ घेऊन. गोठ्यामागे सीताफळाच्या झाडाजवळ जागा बघत होते.

मामाजींचं डोकं फिरलं. “घराच्या मांगं घान करता? पुरी जिंदगी गेली, कोन्या बाईले काही झालं नाई. लोकं काय म्हनतीन?”

आत्याबाई त्यांच्यासमोर कधी आवाज चढवत नाहीत. आजही चढवला नाही. म्हणाल्या, “तुमाले काय मालूम काही झालं का नाई? विचारलं होतं का कधी?”

मामाजी ओटीवर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. माझ्यामुळे या घरात पहिल्यांदा असं झालं असेल.

१९ मार्च

खड्डा झाला. वर सागाच्या फळ्या, भोवती बांबूचे तट्टे. दाराला हे किरनापूरहून कडी घेऊन आले. आतून लागणारी.

गावाला हसायला विषय झाला आहे. मोहाची फुलं वेचायला सगळे पहाटेपासून रानात असतात, जाता-येता आमच्या घरामागच्या वाडीत डोकावतात. कोणी यांना “संडास मास्तर” म्हणतं. आणि पोट पाडणारी म्हणणारे आहेतच. मूल नव्हतं हे आत्याबाई सांगत फिरतात, पण अर्ध्या लोकांना ते पटत नाही. काय सांगतील? खरं कारण सांगायचं तर माझी लाज, न सांगायचं तर माझंच नाव बदनाम.

आज मैनाबाई आली. कुंपणाबाहेर उभी राहिली, आत येईना. मी गेले. म्हणाली, “माह्या हातून मेल्या असत्या तुमी.” मी म्हटलं, “म्या नीट सांगतलं नाही.” ती म्हणाली, “म्या बी नीट विचारलं नाई.” आत्याबाईंनी आतून पाहिलं. तिला ताक दिलं, पण बोलल्या नाहीत. ते इतक्यात मिटायचं नाही.

२८ मार्च

रोज सकाळी कडी लावून बसते. काही होत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं करते. कोमट पाणी, पालेभाजी, चालणं, ठरल्या वेळी बसणं. आता कोणी बघत नाही, तरी पोट ऐकत नाही. फारच झालं तर त्यांनी दिलेलं पातळ औषध घेते, तेवढ्यापुरतं. काल पेटीच्या कोपऱ्यात सोनामुखीची चार पानं सापडली. हातात घेतली. वास घेतला. मग चुलीत टाकली आणि टाकल्याबरोबर पस्तावले.

या बांधलेल्या जागेचा, एवढ्या हसण्याचा, मामाजींच्या अबोल्याचा काही उपयोगच झाला नाही तर?

आत्याबाई मात्र संध्याकाळी पाणी पितात. काल दोन लोटे प्यायल्या.

११ एप्रिल

आज सकाळी पोटात हळूच काही सरकलं. पीळ नव्हता, घाम नव्हता. आधी ओळखलंच नाही मी. इतक्या महिन्यांत ते कसं असतं हेच विसरले होते. गेले, कडी लावली. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, मामाजी बैलांना पाणी दाखवत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आणि झालं. पानाशिवाय, बियांशिवाय, आपलं आपण.

बाहेर आले तर उभं राहवेना, इतकं हसू येत होतं. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं तर काहीच नव्हतं. आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले.

“आत्याबाई, झालं.”

त्यांनी मान वर केली. “औषदानं?”

“नाही. असंच.”

त्या सूप बाजूला ठेवून उठल्या. मला वाटलं देवापुढे जातील. त्या चुलीकडे गेल्या. सकाळचा भात होता, त्यावर वरण घातलं, वर तेल सोडलं आणि ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. अवेळच होती. कोणाचंच जेवण झालं नव्हतं, मामाजींचंही नाही. पुरुषांच्या आधी मी या घरात कधी घास घेतला नाही.

“खाय,” त्या म्हणाल्या. “पोटभर खाय. मी बसली आहो इथं.”

मामाजी दारात आले, ताटाकडे पाहिलं आणि परत गेले. मला लाज वाटलीच. पण मी जेवले.